इस्राएलची यात्रा, बॅगेतल्या पन्नास पत्रिका आणि आमची आजी

नगरी_चिंच

सलाम मंडळी. धागा जरा नाजूक आहे, सांभाळून घ्या.

दोनदा रद्द झालेली आमच्या मंडळीची (चर्चची) पवित्र भूमी यात्रा अखेर पुढच्या महिन्यात निघतेय. बेथलेहेम, नासरेथ, गालील समुद्रातली बोट, यार्देन, जेरुसलेम. अडतीस जण, त्यातले निम्मे साठीपुढचे. इथवर सगळं छान.

गेल्या रविवारी भक्ती संपल्यावर यात्रेच्या प्रमुखांनी प्रत्येकाच्या हातात पन्नास पत्रिकांचा गठ्ठा ठेवला. मराठीत. निळं मुखपृष्ठ, वर दीपवृक्ष, 'शलोम' आणि आत यशयाचा त्रेपन्नावा अध्याय, ज्यात आपण ख्रिस्ती येशूचं भाकीत बघतो. एक संध्याकाळ अश्दोदला थांबायचं, तिथे मराठी बोलणारे यहूदी पुष्कळ आहेत, त्यांना साक्ष द्यायची, म्हणजे येशूबद्दल सांगायचं, असा बेत आहे.

गठ्ठा घरी आणला आणि कपाटात ठेवताना आजी आठवली. आजोबा रेल्वेत होते, कल्याणला क्वार्टर. शेजारी एक बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे यहूदी) कुटुंब. शनिवारी त्यांच्याकडे विस्तव पेटवत नसत, म्हणून शनिवारी सकाळी आजी त्यांच्याकडे जाऊन स्टोव्ह पेटवून द्यायची. काडेपेटी त्यांची, काडी ओढणारी आमची आजी. वीस वर्षं. आणि ही बाई संडे स्कूल घ्यायची बरं का, आख्ख्या कॉलनीतल्या पोरांना वचनं पाठ करून घ्यायची. पण त्या घरात तिनं येशूचं नाव काढल्याचं आईला आठवत नाही.

तो तिचा भिडस्तपणा होता की शहाणपण? आणि मी त्या पत्रिका न्याव्या की नाही?

पोपटी

आमच्या अलिबागला इस्राएल आळी आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं इस्राएल हे अलिबागातल्या आळीचंच नाव, देश नंतर काढला असणार. पेपरात 'इस्राएलमध्ये युद्ध' वाचून आमचा एक चुलतभाऊ सायकल काढून बघायला गेला होता.

प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे, वाचतोय.

खरंखुरं

ताई, यात शंका कसली? पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सुवार्तेची लाज वाटत नाही म्हटलंय, आणि ती प्रथम यहूद्यासाठी आहे असंही. पौल स्वतः यहूदी. प्रेषित सगळे यहूदी. ज्यांच्याकडून आपल्याला मिळालं त्यांनाच सांगायला संकोच? माझ्याकडे औषध आहे आणि शेजारी आजारी आहे, तर गप्प बसणं म्हणजे प्रेम नव्हे. आजींबद्दल आदर आहे, पण पत्रिका न्या.

पानगळ

नगरी, तुमची यात्रा उलट्या दिशेनं दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलीय. तेव्हा मिशनरी बोटीत बसून आपल्याकडे आले होते, आणि ज्यांना सांगायचं ते लोक कोकणात होते.

बेने इस्राएल तेव्हा अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. हिब्रू जवळजवळ विसरलेले. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा' ही प्रार्थना, एवढं टिकलेलं. मुंबईत १७९६ साली समाजी हसाजी दिवेकरांनी मांडवीत पहिलं सिनेगॉग बांधलं, पण बहुतेकांना पोथी वाचता यायची नाही.

१८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत उतरले, शाळा काढल्या, त्यात बेने इस्राएल मुलं येऊ लागली. मग १८२० च्या दशकात मायकल सार्गन आला. मोठा विलक्षण माणूस: कोचीनचा ज्यू, मद्रासला ख्रिस्ती झालेला, आणि मिशननं खास ज्यू मुलांच्या शाळांसाठी नेमलेला. म्हणजे कागदावर पाहिलं तर सगळ्यात धोकादायक. पण हाईम सॅम्युएल केहीमकरांनी बेने इस्राएलांचा जो इतिहास लिहिला (लिहून झाला १८९७ मध्ये, छापला गेला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला), त्यात सार्गनबद्दल कृतज्ञताच आहे. त्यानं शिकवलं, धर्मांतरामागे लागला नाही.

१८२९ ला जॉन विल्सन आले. होय, विल्सन कॉलेजवाले. आधी बाणकोट-हर्णै भागात जाऊन मराठी शिकले आणि मग मुंबईत ठाण मांडलं. त्यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण छापलं. मराठीतून! बेने इस्राएल मुलांनी जुना करार मुळातून वाचावा, आणि मुळातून वाचला की त्यांना त्यात ख्रिस्त दिसेल, असा हिशेब.

मुलांनी वाचला. ख्रिस्त काही दिसला नाही. दिसलं ते हे, की आपले सण कुठले, आपले नियम कुठले, आपण कोण. ख्रिस्ती झालेले बेने इस्राएल अगदी मोजके. उलट याच पिढ्यांतून जोसेफ इझिकिएल राजपूरकरांसारखे लोक निघाले. ते डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक, आणि ज्यू प्रार्थनापुस्तकं त्यांनी मराठीत आणली. १८७५ मध्ये केहीमकर बंधूंनी समाजाची स्वतःची इस्राएली शाळा काढली. मिशनच्या शाळेची गरजच उरली नाही.

(अवांतर: १८३३ मध्ये जोसेफ वोल्फ नावाचा अवलियाही मुंबईत येऊन गेला. बव्हेरियातल्या रब्बीचा मुलगा, ख्रिस्ती झालेला, जगभर ज्यूंना शोधत हिंडायचा. त्याच्या आदल्या वर्षी अफगाणिस्तानात लुटला गेला आणि अंगावरचे कपडेही गेल्यामुळे तसाच चालत काबूलला पोचला. विल्सन त्या मानानं फारच व्यवस्थित गृहस्थ.)

पोपटी

म्हणजे औषध दिलं एका रोगावर आणि गुण आला दुसऱ्याच.

खरंखुरं

@पोपटी, गंमत पुरे. @पानगळ, माहितीबद्दल धन्यवाद. पण बीज पेरणं आपलं काम, वाढवणं देवाचं. विल्सनसाहेबांनी निकाल बघून काम केलं नाही. आणि त्यांनी सांगितलंच नसतं तर हिब्रूही मिळालं नसतं ना?

पानगळ

खरं आहे, हे मी नाकारणारच नाही. मात्र कोचीनहून आलेले ज्यू शिक्षक आणि पुढे बगदादी ज्यू यांचाही हात होता, सगळं श्रेय मिशनच्या पदरात टाकू नका. मुंबईत १८४६ मध्ये वल्हांडणाची हग्गादा (सणाच्या रात्री वाचायची पोथी) मराठी अर्थासह शिळाछापावर निघाली. ती समाजानं आपल्यासाठी काढली. शिळाछाप, मराठी गद्याची घडण, अर्थासह पोथी वाचायची सवय, ही हवा मात्र मिशनच्या छापखान्यांनी आणलेली.

रेवदंड्याची_बोट

बरेच दिवसांनी लिहितोय. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम ठाणे, मूळ गाव आयडीत आहेच.

पानगळ यांनी लिहिलं ते आमच्या घरात वेगळ्या भाषेत सांगायचे. आमच्या पणज्यांच्या वेळेपर्यंत सणांची नावं सगळी मराठी होती. रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. योम किप्पूर म्हणजे 'दरफाळणीचा सण', त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. तिशा बाव (मंदिर पडल्याचा उपास) संपला की वालाचं बिरडं, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. सिनेगॉगला आमची आजी 'मशीद' म्हणायची, आणि समाजाचा न्याय करणारा 'काजी'. कोणी 'यहूदी' म्हटलं तर जुन्या माणसांना आवडत नसे. आम्ही इस्राएल. बस.

पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले. घरी येऊन आईला म्हणाले, 'आपला दरफाळणीचा सण पुस्तकात आहे.' तिनं विचारलं, 'कुणाच्या पुस्तकात?' म्हणाले, 'पाद्र्याच्या.' म्हातारीनं सांगितलं, 'मग पाद्र्याला म्हणावं त्या दिवशी दार लावून बस.'

हा किस्सा मी चाळीस वर्षं सांगतोय, आणि दर वेळी कोणीतरी विचारतं की पणजोबा बाटले का. नाही. ते मशिदीत हजान झाले, प्रार्थना चालवायचे. व्याकरण पाद्र्याचं, प्रार्थना आपली.

आमच्यात १८८० पासून कीर्तनं होत. अष्टमकरांनी सुरू केली. साकी, दिंडी, ओव्या, आणि कथा अब्राहामाची, योसेफाची. बुक्क्याऐवजी टोपी एवढाच फरक. म्हणजे आम्ही हिंदूंकडून कीर्तन घेतलं, पाद्र्यांकडून व्याकरण घेतलं, कोचीनवाल्यांकडून चाली घेतल्या. घ्यायला आमची कधीच ना नव्हती. फक्त कोण काय सोडायला सांगतंय तेवढं बघायचं.

नगरीताई, तुमच्या आजीबद्दल. आमच्याकडेही शनिवारी कोळीवाड्यातली एक मावशी यायची चूल पेटवायला. तिनं कधी धर्म काढला नाही, आम्हीही नाही. ती गेली तेव्हा वडिलांनी खांदा दिला. याला भिडस्तपणा म्हणत असाल तर म्हणा.

मांडवी

गोव्याहून लिहितो, कॅथलिक आहे, आणि आमच्या बाजूची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) आलं. लोक समजतात ते फक्त हिंदूंच्या विरोधात. पण पहिला रोख होता 'नव्या ख्रिस्तीं'वर, म्हणजे पोर्तुगालमध्ये जबरीनं बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंवर आणि त्यांच्या पोराबाळांवर. घरात छुपेपणानं शब्बाथ पाळतात का, शनिवारी स्वच्छ कपडे घालतात का, हे शेजाऱ्यांनी कळवायचं.

गार्सिया द ओर्ता हे नाव आयुर्वेदवाल्यांना ठाऊक असेल. गोव्यात राहून इथल्या औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये पुस्तक छापणारा वैद्य. तो अशाच घराण्यातला. १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जाळलं. आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून काढून तीही जाळली. बारा वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाची हाडं.

आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. सकाळी तिथे म्हातारे पेपर वाचत बसतात.

कोणी ख्रिस्ती माणूस ज्यूच्या दारात पत्रिका घेऊन उभा राहिला की त्याच्या मागे हे सगळं उभं असतं, त्याला ठाऊक असो नसो. आमच्या चर्चला हे कळायला १९६५ साल उजाडलं, व्हॅटिकन परिषदेनं ज्यूंवरचा येशूच्या खुनाचा सामूहिक आरोप मागे घेतला तेव्हा. २०१५ च्या व्हॅटिकनच्या कागदात तर स्पष्ट आहे की ज्यूंना उद्देशून संस्था म्हणून मिशनकार्य कॅथलिक चर्च चालवत नाही. वैयक्तिक साक्ष द्यावी, पण नम्रपणे, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची आठवण ठेवून.

खरंखुरं

मांडवी, हे वाचून वाईट वाटलं, खरंच. पण ते पोर्तुगीज सत्तेचं पाप. आमच्या सुवार्तिकांनी कोणाला जाळलं नाही. उलट जेन हेनिंग वाचा. स्कॉटिश मिशनच्या बुडापेस्टच्या शाळेत वसतिगृहाची मेट्रन. मिशननं परत बोलावलं तरी मुलींना सोडून गेली नाही. १९४४ मध्ये पकडली आणि नाझींच्या आउशवित्झ छावणीत मेली. ती मिशनरीच होती ना?

पानगळ

होती, आणि ती शाळा 'ज्यूंसाठीचं मिशन' म्हणूनच निघाली होती. ती निघाली कशी तेही ऐका. १८३९ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडनं चार पाद्री पॅलेस्टाइनला पाठवले, ज्यूंमध्ये मिशन कुठे काढता येईल ते बघायला. त्यातले वयस्कर डॉ. ब्लॅक वाटेत उंटावरून पडले. म्हणून ते आणि चौघांतलेच डॉ. कीथ डॅन्यूबच्या मार्गानं लवकर परत निघाले, आणि पेस्टमध्ये कीथ मरणाच्या दारात आजारी पडले. तिथल्या राजघराण्यातल्या आर्चडचेस मारिया डोरोथियानं त्यांची शुश्रूषा केली आणि इथेच मिशन काढा असा आग्रह धरला. १८४१ मध्ये निघालं. डॉ. ब्लॅक उंटावरून पडले नसते तर बुडापेस्टची शाळा कदाचित नसती.

पण खरंखुरं, हेनिंगबाईंची जी गोष्ट आपण सांगतो ती मुलींना ख्रिस्ती केल्याची नाही. त्यांच्यावरच्या आरोपांत एक असाही होता म्हणतात की मुलींच्या झग्यांवर पिवळा तारा (ज्यूंवर लादलेली खूण) शिवताना त्या रडल्या. १९९७ मध्ये इस्राएलनं त्यांना 'राष्ट्रांमधील नीतिमान' हा सन्मान दिला तो त्यासाठी. त्या मुलींच्या बाजूला उभ्या राहिल्या म्हणून.

खरंखुरं

त्या बाजूला उभं राहायचं बळ तिला कुठून मिळालं, हाही प्रश्न आहे. असो. मान्य, गोष्ट आपण अर्धी सांगतो.

अश्दोदहून

शलोम आणि नमस्कार. भाचीनं लिंक पाठवली, रात्री दोनपर्यंत वाचत बसले. मी ठाण्याची, १९७१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी इथे आले. मराठी टायपिंग हळू आहे, समजून घ्या.

नगरी, बेटा, आधी कामाचं. इथे मोठ्या माणसाशी धर्माबद्दल बोलणं, कागद देणं गुन्हा नाही. पैसे, वस्तू, कसलाही फायदा देऊन धर्म बदलायला लावणं गुन्हा आहे. १९७७ चा कायदा, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि घेणाऱ्यालाही शिक्षा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळं कलम. तेव्हा तुमच्या लोकांना सांगून ठेव: पत्रिकेबरोबर साडी, औषधं, चिवड्याची पिशवी असलं काही द्यायचं नाही. आपल्या लोकांना रिकाम्या हातानं जायची सवय नसते म्हणून सांगते.

आता दुसरं. तू लिहिलंस मुखपृष्ठावर दीपवृक्ष आहे. फांद्या मोजल्यास का? सात हव्यात. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी कोणीतरी असल्याच निळ्या पत्रिका टाकून गेलं होतं. त्यावर सहाच होत्या. माझा नवरा हसून हसून बेजार, म्हणाला यांनी सातवी आपल्यासाठी राखून ठेवली असेल.

आता खरं सांगते, राग मानू नको. मी इथे आले त्याच्या दहा वर्षं आधी इथल्या रब्बींनी आमच्या लोकांची लग्नं अडवली होती. तुम्ही पक्के ज्यू आहात का, आई कोण, आजी कोण, दाखवा. कोकणात दोन हजार वर्षं घाणा बंद ठेवला त्याचा पुरावा कुठून आणणार? १९६४ मध्ये आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, बायका पोरांना घेऊन बसल्या. संसदेत ठराव झाला तेव्हा कुठे मिटलं. माझ्या मोठ्या नणंदेचं लग्न त्यात तीन वर्षं लांबलं.

म्हणजे बघ. मुंबईत पाद्री सांगत होता, तुमचं अर्धंच आहे, पुढचं अर्धं माझ्याकडे आहे. इथे आलो तर रब्बी म्हणाला, तुमचं अर्धंच वाटतंय, उरलेलं सिद्ध करा. आता तू मराठी बोलत येशील, मला केवढं बरं वाटेल, दार उघडीन, आणि तू बॅगेतून काढणार तेच: 'तुमचं अर्धं आहे.' हिब्रूत कोणी म्हटलं तर मी दार लावते आणि भाजी चिरायला लागते. मराठीत म्हटलेलं लागतं गं.

पत्रिका आण किंवा नको आणू, ते तुझं तू ठरव. चहाला मात्र ये. लेमनग्रास इथेही मिळतं, पण आम्ही अजून गवती चहाच म्हणतो.

नगरी_चिंच

मावशी, मोजल्या. सहाच आहेत.

मी काय लिहू कळत नाहीये. खरंखुरं म्हणतात ते मला परकं नाही, मीही त्याच घरात वाढले. माझा विश्वास मी घरी ठेवून येऊ शकत नाही. कोणी विचारलं तर सांगेन. पण कोणी विचारलं तर.

रेवदंड्याची_बोट

ताई, विचारतील. आमच्या लोकांना चौकशा भारी. पगारासकट सगळं विचारतील.

खरंखुरं

ताई, निघताना प्रार्थना करून जा. पत्रिकेचा हट्ट मी सोडतो. सुवार्तेचा नाही. दोन्हीत फरक आहे हे या धाग्यावर शिकलो म्हणा हवं तर.

नगरी_चिंच (साडेपाच आठवड्यांनी)

परत आले. यार्देनचं पाणी सामानात सांडलं, अर्धे कपडे पवित्र झाले.

अश्दोदची संध्याकाळ झाली. प्रमुखांनी आणि दहाबारा जणांनी पत्रिका वाटल्या. बहुतेकांनी हसून घेतल्या, एका आजोबांनी चष्मा लावून तिथेच शुद्धलेखनाच्या चार चुका काढून परत दिली. मी आणि आमच्या दोन मावश्या वाटायला गेलो नाही. आम्ही 'अश्दोदहून' यांच्या घरी.

चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, दाराला मेझुझा (वचन ठेवलेली डबी), आत भिंतीवर एलियाहू हन्नबीचं (एलिया संदेष्ट्याचं) रथातलं चित्र आणि त्याखाली ठाणे स्टेशनचा जुना फोटो. ताटात मलिदा. पगार विचारला. नवऱ्याचाही. मग काकांनी विचारलं, 'तुमच्याकडे देव तीन कसे?' आणि मी सांगितलं, मला येतं तसं, अडखळत. ते ऐकून घेऊन म्हणाले, 'नाही पटत बुवा, आम्हाला एकच पुरतो. अजून चहा?' कोणाला वाईट वाटलं नाही.

निघताना आमच्यातल्या मोठ्या मावशींनी विचारलं, एक स्तोत्र म्हणू का, दावीदाचंच आहे. तेविसावं मराठीतून सुरू केलं, तर दुसऱ्या ओळीपासून 'अश्दोदहून' मावशी बरोबर म्हणायला लागल्या. शब्द न् शब्द तोच. त्यांच्या आजीकडे ठाण्याला मिशनच्या छापखान्याचं मराठी स्तोत्रांचं पुस्तक होतं, पहिली पानं फाडून टाकलेलं. आमच्या मावशींचं त्याच भाषांतराचं, पण पानं शाबूत.

बॅगेतला गठ्ठा मी नेला होता, हे कबूल करते. काढला नव्हता. पर्समधून चष्मा काढताना एक पत्रिका बाहेर पडली आणि माझा चेहरा जो काय झाला असेल! मावशींनी उचलली, फांद्या मोजल्या, उलटून पाहिली आणि म्हणाल्या, 'अक्षर मोठं आहे गं. नातीला मराठी वाचायला शिकवतेय, इथे असं छापलेलं काही मिळतच नाही. आणखी आहेत?'

पन्नासच्या पन्नास ठेवून घेतल्या.

पोपटी

विल्सनसाहेब वर डोक्याला हात लावून बसले असतील.

मांडवी

किंवा हसत असतील.

पोपटी

ते जाऊ द्या, मलिदा कसा करतात ते कोणी नीट लिहील का? आळीत खाल्लाय, घरी केला की पोह्यांचा लगदा होतो.

अश्दोदहून

जाड पोहे घे, पातळ नकोत. भिजवायचे नाहीत, चाळणीत धुवून निथळत ठेवायचे. मग ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे हातानं हलके मिसळायचे, चमचा घालायचा नाही. वरून केळं, सफरचंद, खजूर, जे असेल ते कापून. आणि आधी एलियाहू हन्नबीचं नाव घ्यायचं, मग लगदा होत नाही.

खरंखुरं

मावशी, आम्ही कोणाचं नाव घेतलं तर चालेल?

अश्दोदहून

तू आधी पोहे तर निथळ.